सोमाकाकाचा नंबर

पेठ तालुक्यातल्या उंबरमाळ पाड्यात घरं सव्वीस आणि फोन नंबर एक, असं तहसील कचेरीतले कारकून हसून म्हणायचे. हल्ली ते तितकंसं खरं राहिलं नव्हतं, चार-पाच जणांच्या खिशात मोठे फोन आले होते. पण कुठल्याही सरकारी कागदावर मोबाइल नंबरचा रकाना बघावा, तर तिथे सोमा भोयेचाच नंबर.

हे कसं झालं ते आधी सांगायला हवं. बारा-तेरा वर्षांपूर्वी शाळेत आधारचं शिबिर भरलं होतं. टेबलामागचा माणूस प्रत्येकाला विचारी, "मोबाइल नंबर?" आणि माणसं एकमेकांची तोंडं बघत. पाड्यावर तेव्हा फोन एकट्या सोमाकडे. रेंजसुद्धा त्याच्याच अंगणाच्या कडेला, उंबराखाली, दोन पावलांपुरती यायची. मग कुणीतरी म्हणालं, "सोमाचा लिहा." मागचा म्हणाला, "माझाबी सोमाचाच." आधारला लागलेला नंबर पुढे रेशनला लागला, बँकेला लागला, रोजगार हमीला लागला, पोरांच्या शिष्यवृत्तीला लागला. रकाना रिकामा ठेवला तर कारकून कागद परत फेकतो, एवढंच लोकांना ठाऊक होतं. यात काही चुकतंय असं कुणाला वाटलं नाही. वाटायचं कारणही नव्हतं.

पुढे प्रत्येक कामाला कोड यायला लागले, आणि सोमाचं महत्त्व वाढलं. दसरा झाला की अर्धा पाडा दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत कामाला उतरायचा. तिथून फोन यायचा, "सोमाभाऊ, बँकेत उभा हाय, कोड पडला का?" सोमा उंबराखाली जाऊन उभा राही, बटणांचा छोटा फोन हातभर लांब धरी आणि एकेक आकडा सुटा करून सांगे. मग समोरच्याकडून तो परत म्हणवून घेई, गुरुजींनी पाढे म्हणवून घ्यावेत तसा. "चूक नको व्हायला," म्हणे. आणि चूक कधी झालीही नाही.

सोमा सातवी पास. मराठी घडाघडा वाचे. इंग्रजीतले आकडे ओळखी, अक्षरंही ओळखी, पण त्या अक्षरांचे शब्द झाले की त्याची गाडी घाटात थांबे. त्यावाचून त्याचं काही अडलं नव्हतं. मेसेजात आकडे शोधायचे, सांगायचे आणि मेसेज पुसायचा, कारण छोट्या फोनात जागा नसते. ज्यात आकडे नाहीत तो मेसेज जाहिरातीचा, तो न बघताच पुसायचा. हा त्याचा शिरस्ता.

लोक त्याला कोडवाला सोमा म्हणत. कुणी वालाच्या शेंगा आणून देई, कुणी सणाला कोंबडी. माणसाला ऐट करायला काहीतरी लागतंच. कुणाची बागायती असते, कुणाचा जावई साहेब असतो. सोमाकडे दोन एकर डोंगरउताराची वरकस जमीन, एक बैलजोडी आणि हा नंबर. फोन त्याने कधी दुसऱ्याच्या हातात दिला नाही, घरातल्याही नाही.

मीना ही त्याच्या थोरल्या भावाची मुलगी. भाऊ कावीळ होऊन गेला तेव्हा ती पाचवीत होती. तिची आई भागीबाई दर वर्षी द्राक्षाच्या छाटणीला जायची आणि बोटांना चिरा घेऊन परत यायची. भाऊ गेला त्या वर्षीच दीर-भावजयीने ठरवून टाकलं होतं की या पोरीच्या हातात छाटणीची कात्री येऊ द्यायची नाही. मीना आश्रमशाळेत शिकली, मग नाशिकला वसतिगृहात राहून बारावी झाली. तिला नर्स व्हायचं होतं. सोमा येईल-जाईल त्याला सांगायचा, "आमची मीना सिस्टर होणार, नाशिकच्या सरकारी कॉलेजात."

त्या वर्षी शिमग्याला ती पाड्यावर आली तेव्हा तिच्याकडे स्वतःचा फोन होता. जुनाच, कुणीतरी वापरलेला, पण चालू. होळी झाली, दुसऱ्या दिवशी ती उंबराखाली सोमाजवळ येऊन बसली.

"काका, प्रवेशाचा अर्ज सुरू झालाय. त्याच्यावर तुझा नंबर हाय, शिष्यवृत्तीवरून आपोआप आला. मी माझा टाकते. तुझ्यावर एक कोड येईल, तेवढा दे."

सोमाने बिडी विझवली. "का? माझा नंबर काय किडला का?"

"तसं नाय रे. पुढं सारखे कोड लागतील. दर वेळी तुला कुठं त्रास द्यायचा."

"तुझ्या बापाच्या मयतीचा दाखला याच नंबरावर निघाला. तुझा जातीचा दाखला याच्यावर. तेव्हा नाय मला त्रास झाला तो."

शहरात राहून आली तरी काकाशी वाद घालायची सवय तिला नव्हती. तिने फोनवर काहीतरी दाबलं, आणि सोमाच्या बंडीच्या खिशात टुंग करून वाजलं. सोमा उठला. "बैलांना पाणी दाखवून येतो," म्हणाला आणि ओहोळाकडे चालू लागला. तासाभराने परत आला तेव्हा कोडाची मुदत संपली होती.

"मेसेजच नाय आला," तो म्हणाला. "रेंज गेली असंल."

रेंज त्या दिवशी तसूभरही हलली नव्हती. मीनाने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि "बरं" म्हणाली. पुन्हा तो विषय तिने काढला नाही. सोमाला त्या रात्री जरा टोचलं, नाही असं नाही. पण सकाळी भागीबाईने चहा देताना विचारलं, "काय म्हनत व्हती पोरगी?" तेव्हा तो "काय नाय, कोडाचं" म्हणून मोकळा झाला.

पुढे सगळं ठीक चाललं म्हणून तो टोचाही विरला. मीना प्रवेश परीक्षा पास झाली. यादीत नाव आलं. नाशिकहून ती फोन करी, सोमा कोड सांगे, ती परत म्हणून दाखवी. जुलैत कॉलेजांचे पसंतीक्रम भरायचे होते. तिने नाशिकचं सरकारी कॉलेज पहिलं टाकलं आणि सोमाने सांगितलेला कोड घालून अर्ज बंद केला. शेवटची तारीख दुसऱ्या दिवशीची होती.

त्या दुसऱ्या दिवशी दुपारी सोमा भाताच्या रोपांच्या आवणीतून भाकरी खायला घरी आला होता. गुडघ्यापर्यंत चिखल. फोन वाजला. बाईचा आवाज, गोड आणि घाईतला.

"नमस्कार, मीना भोये यांचे पालक बोलताय का?"

पालक हा शब्द सोमाला आजवर फक्त शाळेच्या कागदावर भेटला होता. त्याने हात धोतराला पुसला. "हो, बोला ना."

"आपलं नाव?"

"सोमा भोये."

"सोमासाहेब, मी प्रवेशाच्या मदत केंद्रातून बोलतेय. मीनाचा अर्ज माझ्यासमोर उघडा आहे. अजून पक्का झालेला नाही. आज पाचला बंद होतंय."

"तिनं काल बंद केला ना?"

"तो विद्यार्थ्याकडून झाला. पालकांकडून व्हायचा राहिलाय. आता तुमच्या नंबरवर कोड येईल, तो मला सांगा. नाहीतर सीट जाईल, आणि मग आम्हाला बोलू नका."

एवढ्यात कोड आलाच. ज्याच्या नंबरवर कोड येतो तोच खरा पालक, हे सोमाला इतकं पटलं की शंकेला शिरायला फटच राहिली नाही. तो उंबराखाली गेला आणि त्याने सहा आकडे सुटे सुटे सांगितले. बाईकडून परत म्हणवूनही घेतले. दहा मिनिटांनी दुसरा कोड आला, तोही सांगितला. "थँक्यू हं साहेब, मुलगी हुशार आहे तुमची," बाई म्हणाली. मागोमाग आणखी एक मेसेज आला. त्यात आकडे नव्हते. सोमाने तो पुसून टाकला.

संध्याकाळी मीनाला सांगावं असं त्याच्या मनात आलं. मग म्हटलं, कशाला? निकाल लागला की सांगू. तेव्हा म्हणू, बाई, तू माझा नंबर काढायला निघाली होतीस, त्याच नंबरानं तुझी सीट राखली. या विचाराने तो आवणी करता करता एकटाच हसला. आता आठवलं की त्याला त्या हसण्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटते.

आठ दिवसांनी निकाल लागला. मीनाचा फोन आला. आवाज बारीक.

"काका, नाशिक नाय लागलं. भलतंच कॉलेज लागलंय. पार लांबचं, खासगी. मी नाव पण नाय ऐकलं कधी. यादीत तेच माझं पहिल्या पसंतीचं दाखवतंय, आणि माझा पासवर्डही चालत नाय. पहिलं टाकलेलं लागलं की तेच घ्यावं लागतं, नाहीतर या वर्षी बाद." मग तिने विचारलं, "काका, कोड कुणी मागितला होता का तुझ्याकडं?"

सोमाला त्याच क्षणी कळलं. हिवतापाच्या माणसाला अंगात ताप भरतो तसं पायापासून वर काहीतरी चढत आलं. हो म्हणायला एवढासा श्वास लागला असता.

"नाय," तो म्हणाला.

"कुणाचा फोन?"

"नाय म्हनतो ना!"

तो ओरडलाच. तिकडून ती हळूच म्हणाली, "बरं. इथं मदत केंद्रात तक्रार घेतात. पालक पाहिजे आणि तुझा फोन पाहिजे. उद्या येशील?"

भागीबाईने त्याच्यासाठी धुतलेला सदरा काढून दिला. "जा सोमा," म्हणाली. "तू असलास की तुझं वजन पडंल." त्या माउलीला काय ठाऊक कशाचं वजन. सोमा सकाळच्या बसने निघाला. सावळ घाट उतरताना त्याने तीन वेळा मनात वाक्य जुळवलं, मीना, माझ्याकडून चुकलं, आणि पेठ नाका येईपर्यंत तीनही वेळा ते मोडलं.

मदत केंद्र एका कॉलेजच्या तळमजल्यावर होतं. खिडकीऐवजी टेबल होतं आणि टेबलामागे संजना मॅडम म्हणून एक बाई, चष्मा डोक्यावर, बोलायला सरळ. त्यांनी अर्ज उघडला आणि पडदा मीनाकडे वळवला.

"हे बघ. शेवटच्या दिवशी दुपारी एक वाजून चाळीस मिनिटांनी तुझा पासवर्ड बदललाय. पासवर्ड विसरलो म्हटलं की नंबरावर कोड जातो. कोड मिळाला की पासवर्ड नवा. मग पसंतीक्रम बदलून पुन्हा कोड घातलाय. दोन्ही कोड या नंबरवर गेलेत. अर्ज बदलला, असा मेसेजही गेलाय. त्याच दिवशी आला असतात तर पाचच्या आत सगळं पूर्ववत झालं असतं."

"पण मी कुणाला पासवर्ड सांगितला नाही, मॅडम."

"पासवर्ड लागलाच नाही ना त्यांना. कुलूप तुझं होतं, किल्ली या फोनात होती. असे एजंट असतात, बाई. आदिवासी मुलीची फी सरकार भरतं, त्यामुळे रिकामे वर्ग भरायला त्यांना अशाच मुली हव्या असतात. नावं यादीत जाहीर असतात, नंबर कुठून तरी मिळवतात." त्यांनी सोमाकडे पाहिलं. "कोड कुणाला सांगितला होतात का?"

सोमाने तोंड उघडलं, पण त्याच्या आधी मीना बोलली. पाठ ताठ करून, शहरातल्या भाषेत.

"नाही मॅडम. आमचे काका कोणाला कोड देणार नाहीत. त्यांनी तर एकदा मलाही दिला नव्हता."

तिच्या मनात टोमणा नव्हता. ती काकाची बाजू घेत होती. त्यानेच सोमा खचला. समोरची खुर्ची धरून तो खाली बसला.

"दिला," तो म्हणाला. "मीच दिला, मॅडम. बाईचा फोन आला. पालक म्हनाली, साहेब म्हनाली. दोन्ही बार मीच सांगितला. परत म्हनवून घेतला तिच्याकडनं, चूक नको व्हायला म्हनून."

टेबलावरचा पंखा मान फिरवत होता. मीना रडेल असं सोमाला वाटलं, निदान ओरडेल. तिने एवढंच विचारलं, "नंबर हाय का त्या बाईचा?" त्याच्या फोनात तो नव्हता. तोही त्याने पुसला होता. मग तिने कागद घेतला आणि काकाच्या तोंडून सगळं विचारत, ओळीने, तक्रार लिहिली. खाली सोमाने सही केली.

संजना मॅडमनी तक्रार घेतली. "वर पाठवते. सायबर पोलिसांकडेही एक प्रत द्या. पण खोटी आशा लावत नाही. नाशिकची जागा यादीतल्या पुढच्या मुलीला गेली आणि तिने काल प्रवेशही घेतला. तिचाही काही दोष नाही." त्यांनी पडदा परत आपल्याकडे वळवला. "पुढच्या वर्षी परीक्षा पुन्हा दे. खातं तेच चालेल, पासवर्ड मी नवा करून देते. फक्त आत्ताच्या आत्ता नंबर बदल."

बैल गेला आणि झोपा केला म्हणतात तो हा प्रकार. पण झोपा तरी करायलाच हवा होता.

दोघं बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बसली. मीनाने फोन काढला. सोमा तिच्या हातांकडे बघत होता. मऊ, पातळ हात.

"आईला काय सांगायचं?" त्याने विचारलं.

"खरं ते. मी तिच्याबरोबर जाईन बागेत. छाटणी लागेलच दोन महिन्यांत. एकटी तरी कितीक करणार ती."

"मीना..." सोमा म्हणाला, "शिमग्याला कोड आला व्हता. मी खोटं बोललो."

"माहिती हाय. खिशात वाजलेला ऐकला होता मी."

"मंग बोलली का नायस? भांडायचं ना माझ्याशी. हिसकून घ्यायचा फोन."

"तुला वाईट वाटलं असतं," ती म्हणाली.

सोमाने मान फिरवली. आवारातल्या गुलमोहराखाली मुलं-मुली आपापले अर्ज दाखवत हसत होती. त्याने डोळे सदऱ्याच्या बाहीला पुसले. आयुष्यात पहिल्यांदा त्याला वाटलं, की आपल्याकडे फोन नसता तर किती बरं झालं असतं.

तेवढ्यात त्याच्या खिशात वाजलं. मीनाने नंबर बदलायला टाकला होता. सोमाने फोन काढला, सवयीने हात लांब केला, आकडे शोधले, आणि तोंड उघडून पुन्हा मिटलं. त्याने फोन तिच्यापुढे धरला.

"तूच वाच."

मीना गोंधळली. एवढ्या वर्षांत तो फोन तिच्या हातात कधी आला नव्हता. तिने तो दोन्ही हातांनी घेतला, कोड बघून स्वतःच्या फोनात टाकला, आणि अंगठ्याने मेसेज खाली सरकवला.

"आणखी काय लिहिलंय?" सोमाने विचारलं. "खाली इंग्रजी असतंय ना काहीतरी."

"हा कोड कोणालाही सांगू नका, असं लिहिलंय."

सोमा बघतच राहिला. "याच मेसेजात?"

"सगळ्यांत असतंय, काका. दर वेळी."

बारा वर्षं. बँकेचे, रेशनचे, शिष्यवृत्तीचे, भागीबाईच्या पेन्शनचे. किती हजार वेळा ती ओळ त्याच्या तळहातावर आली होती आणि त्याने ती पुसली होती.

"तू कधी वाचून दाखवलं नायस मला," तो म्हणाला. म्हणताना त्याचं त्यालाच ऐकवेना.

"तू फोन कधी दिलाच नाहीस, काका."

ती रागावून बोलली नव्हती. जे होतं ते सांगितलं आणि त्याचा फोन त्याच्या मांडीवर ठेवला. नंबर बदलल्याचा मेसेज आला तेव्हा सोमाने सवयीने खाली बघितलं, पण वाजला होता तो मीनाचा फोन.